वाचकांचे प्रश्न : सांगायला संकोच वाटणारे दुखणे

प्रश्न : बिहारहून शिरोलीत राहायला आलेल्या माझ्या शेजारीणबाईंना खोकताना लघवी सुटते, ‘बाळंतपणानंतर असे व्हायचेच’ म्हणून त्या दवाखाना टाळतात, पाणीही कमी पितात. काय सांगावे?

उत्तर : परक्या मुलखात, परक्या भाषेत हे बोलणे किती जड जात असेल, याची मला जाणीव आहे, परंतु हा अटळ भोग नव्हे, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याने होणारा आणि बहुधा व्यायामाने कमी होणारा त्रास आहे. लघवी रोखणारे स्नायू ५ ते १० सेकंद आवळून सोडावेत; असे १० वेळा, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने करावे. पाणी मात्र तोडू नये, कारण त्याने संसर्गाचा धोका वाढतो. कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात तुम्ही दुभाषी म्हणून सोबत जा आणि स्त्री डॉक्टर मिळतील का, हे आधी विचारा. ताप किंवा लघवीत रक्त असल्यास त्याच दिवशी जा.