गादीची जाडी नंतर, आधी थरांची घनता विचारा

कंबर दुखते म्हणून कडकच गादी घ्यावी का, आणि विक्रेता ‘ऑर्थोपेडिक’ म्हणतो त्यावर विसंबावे का, असे तुम्ही विचारले आहे.

कडकपणाबद्दल आधी. 2003 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधला एक अभ्यास आला होता. जुनाट कंबरदुखीच्या 313 जणांना कडक किंवा मध्यम कडक गादी दिली होती. 90 दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला होता. तेव्हा फळीसारखी गादी घेऊच नका. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द तर कोणीही छापतो, त्यावर निर्णय घेऊ नका.

माझी पहिली गादी 8 इंची होती आणि दोन वर्षांत मधोमध खोलगट झाली. चेन उघडली तर वर इंचभर चांगला फोम आणि खाली सगळा हलका. जाडी पाहिली, आत काय आहे ते विचारलेच नाही. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो: कोणता थर किती इंचाचा आणि त्याची घनता किती, हे लेखी मागा. घनता म्हणजे एका घनमीटरचे वजन किती किलो. खालच्या आधाराच्या साध्या पीयू (पॉलियुरेथेन) फोमला 32 च्या आसपास किंवा जास्त हवी, मेमरी फोमला, म्हणजे अंगाच्या आकाराप्रमाणे दबणाऱ्या फोमला, 50 च्या पुढे. घनतेवरून टिकाऊपणा कळतो, कडकपणा नाही. मऊ फोमची घनताही जास्त असू शकते. रिबॉन्डेड फोमच्या घनतेच्या मोठ्या आकड्याला मात्र भुलू नका. ते फोमचे तुकडे चिकटवून दाबलेले असतात, म्हणून वजनदार लागतात.

स्प्रिंगची गादी घेणार असाल तर पॉकेट स्प्रिंग बघा. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असल्याने शेजारचा कूस बदलतो तेव्हा आपल्याला फारसे हादरे बसत नाहीत. लेटेक्स (रबराचा फोम) असेल तर त्यात नैसर्गिक किती आणि सिंथेटिक किती, एवढे विचारा.

विक्रेत्याची पारख याच प्रश्नांवर होते. चांगला विक्रेता आकडे सांगतो, चेन उघडून दाखवतो, बिलावर मॉडेलचे नाव घालतो. ‘आमचे खास तंत्रज्ञान आहे’ म्हणून विषय बदलला, की मी तिथून निघतो. प्रमाणपत्र दाखवले तर त्याचा क्रमांक ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर तपासा. वॉरंटीचे कागद घरी नेऊन नाही, पैसे देण्याआधी वाचा. किती खोल खळगा पडला तर बदलून देणार, ते त्यात असते. बहुतेक ठिकाणी इंच-दीड इंचाच्या आतला खळगा मोजतच नाहीत. काही रात्री घरी झोपून पाहायला गादी देत असतील तर परत नेण्याचा खर्च कोणाचा, हेही विचारा.

दुकानात बसून पाहू नका. रोज झोपता त्याच कुशीवर निदान पंधरा मिनिटे पडा, सोबत झोपणाऱ्यालाही पडायला सांगा. कुशीवर झोपत असाल तर खांदा थोडा आत रुतला पाहिजे आणि कणा सरळ राहिला पाहिजे. सोबतच्या माणसाला मागून बघायला सांगितले की लगेच कळते.