बेळगावजवळ नदीकाठी तंबू ठोकून राहायचं तर घटप्रभा बरी की मलप्रभा? कोरड्या पात्रात वाळूवर तंबू लावला तर चालतो का?

वाळूवर नाही. एवढं आधीच लिहून ठेवतो, कारण बाकीचं लांबणार आहे.

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन पुण्याहून बेळगावात आलाय, दोन मुलं आहेत आणि एप्रिलच्या सुट्टीत एक रात्र नदीवर काढायची आहे. पुढं लिहिलंय, "पात्र कोरडं असतं, जागा सपाट मिळते, वाळू मऊ असते." जवळपास हेच वाक्य माझ्या मेव्हण्यानं २०१७ साली एप्रिलच्या शेवटी मला ऐकवलं होतं, आणि तेही मी नको म्हणत असताना. त्यामुळं तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

आम्ही मूळचे खानापूर तालुक्यातले. मलप्रभा आमच्याच कणकुंबीत उगम पावते. तिथं पावसाळ्यात चार महिने ऊन दिसत नाही. तीच नदी खानापूर-असोग्यावरून खाली एम. के. हुबळीच्या पुढं गेली की मुलूख बदलतो. काळी रानं, बाभळी, उघडे माळ. सौंदत्तीकडं वर्षाला वीस-बावीस इंच पाऊस झाला तर झाला. एकाच नदीचं एक टोक भिजलेलं आणि दुसरं वाळलेलं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची अर्धी गोष्ट सांगायची गरज नाही. कोरड्या मुलखातली नदी आपल्या डोक्यावर पडलेल्या पावसानं येत नाही, वर कुठंतरी पडलेल्या पावसानं येते.

तर आम्ही चौघं होतो. मी, माझा मुलगा (तेव्हा नऊ वर्षांचा), मेव्हणा आणि त्याची सात वर्षांची मुलगी. बायकांनी यायला साफ नकार दिला होता, त्यांची अक्कल तेव्हाच दिसली. एम. के. हुबळीच्या पुढं हायवे सोडून आत गेलो. तिथं एक ओढा मलप्रभेला मिळतो. ओढा ठणठणीत कोरडा, नदीत मात्र डोहाडोहानं पाणी शिल्लक. ओढ्याच्या तोंडाशी चांगली पंधरा-वीस पावलं रुंद वाळू. मेव्हण्यानं गाडीतून उतरल्या उतरल्या तिथं पिशवी टाकली.

मी म्हटलं, वर शेताच्या बांधाला लावूया. वाळूच्या कडेलाच बाभळीच्या फांद्यांना, माझ्या डोक्याच्याही वर, मागच्या पावसाळ्यातला वाळका कचरा अडकलेला होता. पाचट, प्लॅस्टिक, एक फाटकं पोतं. मी बोट दाखवलं. तो म्हणाला, "दाजी, तो ऑगस्टचा कचरा आहे. आत्ता एप्रिल चालू आहे की." आणि हसला. पोरंही हसली. ते हसू मला अजून ऐकू येतं.

थोड्या वेळानं एक मेंढपाळ आला. वरच्या रानात त्यानं मेंढरं बसवली होती. विडी ओढत उभा राहिला, तंबूकडं बघितलं आणि म्हणाला, "उसुकिन्याग मलगब्याड्री." वाळूत झोपू नका. मेव्हण्याला कन्नड माझ्यापेक्षा बरं येतं, तरी त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मेंढपाळानं हातानं पश्चिमेकडं दाखवलं, "हळ्ळ बर्तैति" म्हणाला आणि गेला. हळ्ळ म्हणजे ओढा. ओढा येतो, एवढंच.

मी गप्प बसलो हे माझं चुकलं. तंबू त्याचा, गाडी त्याची, मटणही त्यानंच आणलेलं. दुसऱ्याचं मटण खाताना माणूस फार वाद घालत नाही.

पावणेआठला आत्याचा फोन आला. तिचं गाव त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला, दहा-बारा किलोमीटरवर. "काय करूलालास? इकडं गारा पडल्या बघ. गोठ्याचा पत्रा उडाला, लाईट गेली." मी मेव्हण्याला सांगितलं. तो म्हणाला, "तिथं पडला ना? इथं बघा चांदणं." चांदणं होतं, खरं आहे. पश्चिमेला वीज लकाकत होती, तीही खरी. आवाज मात्र नव्हता. एप्रिल-मे महिन्यात माळावरचा मुरूम तापून परातीसारखा झालेला असतो, वळवाचं पाणी त्यात मुरत नाही, सरळ ओढ्याला लागतं आणि निघतं. हे मी त्याला त्या रात्रीही सांगितलं होतं. तो आता म्हणतो सांगितलं नव्हतं.

रात्री साधारण पाऊण वाजता मी लघवीला उठलो. बूट घातले, बाहेर आलो. पहिल्यांदा वास आला, ओल्या मातीचा, आणि वर आभाळात ढग नाही. मग सळसळ. वाटलं कुत्रं पाचोळ्यात चाललंय. टॉर्च मारला तर वाळूवरून एक काळी कड पुढं सरकत होती. पाणी गर्जना करत येतं असं लोक सांगतात, तसं काही नव्हतं. सांडलेला चहा फरशीवरून पसरतो तसं येत होतं. पुढं फेस, फेसावर वाळकी पानं, लेंड्या, काटक्या आणि एक निळी स्लीपर. चालत्या माणसापेक्षाही सावकाश. म्हणून तर माणूस फसतो. दोन क्षण मीही नुसता बघत उभा राहिलो.

ओरडलो. मेव्हणा आतून म्हणाला, "काय झालं?" मी मुलाला उचललं तेव्हा तंबूचा तळ खालून फुगून वर आला होता, पाण्याच्या गादीवर पाय दिल्यासारखा. त्यानं पोरीला घेतलं. बांधापर्यंत तीस-चाळीस पावलं. निघालो तेव्हा पाणी घोट्याला, वर चढलो तेव्हा गुडघ्याला. पोरांना वर मेंढपाळाजवळ बसवून आम्ही परत वळलो, तर तंबू एका खुंटीवर गोल फिरत होता. ती शेवटची खुंटी आम्ही दोघांनी धरली, म्हणून तंबू वाचला. स्टोव्ह, मोठं पातेलं, त्याचा थंड पेयांचा डबा आणि त्याचे बूट गेले. मेंढपाळानं एक शब्द बोलून दाखवला नाही, घोंगडं दिलं. पहाटेपर्यंत पाणी ओसरलंही. सकाळी ओढ्यात परत वाळू, फक्त तिची घडी बदललेली.

आता खरा मुद्दा. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला मेव्हणा ही गोष्ट सांगतो, आणि त्याच्या गोष्टीत आधी जाग त्याला येते. "मी पाण्याचा आवाज ऐकला, दाजींना हलवून उठवलं." माझा एकच प्रश्न आहे. ज्याला आधी जाग आली त्याचे बूट वाहून गेले आणि ज्याला हलवून उठवलं त्याच्या पायात बूट होते, हे कसं? याचं उत्तर त्यानं इतक्या वर्षांत दिलेलं नाही. तो इथं कधीमधी वाचतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

बरं, तुमचा प्रश्न.

घटप्रभा की मलप्रभा? मला विचाराल तर घटप्रभा दिवसा, मलप्रभा रात्री. घटप्रभेवर गोकाकचा धबधबा आहे, १७१ फुटांचा. झुलता पूल आहे. १८८७ साली तिथं पाण्यावर वीज तयार झाली होती. सगळं बघण्यासारखं, पण एप्रिल-मेमध्ये धबधबा बघायला जाल तर नुसता कडा बघून याल. पाणी वरच धुपदाळच्या बंधाऱ्यापाशी कालव्याला वळतं. कडा मात्र बघाच. बेळगावचा काळा दगड संपून तिथं तांबूस वालुकाश्म लागतो, संध्याकाळच्या उन्हात तो पेटल्यासारखा दिसतो. धुपदाळच्या पाणथळीला हिवाळ्यात करकोचे येतात, पहाटे पोरांना दाखवण्यासारखे. पण ते पक्षी अभयारण्य आहे, तिथं तंबू ठोकायला जाऊ नका. मार्कंडेय नदीवरचा गोडचिनमलकीचा धबधबाही दिवसाचाच. हिडकल धरणाच्या मागच्या पाण्यात उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर बाहेर येतं. त्यासाठी एक फेरी मारा, पण चिखल वरून सुकलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत ओला असतो, मुलांना मोकळं सोडू नका.

रात्र काढायला मला सौंदत्तीकडचा भाग आवडतो. नविलुतीर्थाला मलप्रभा डोंगर फोडून बाहेर पडते, तिथंच धरण आहे. मागच्या पाण्याला रेणुकासागर म्हणतात. धरणाच्या खाली पात्रात थांबायचं नाही, एवढं पाळा. वरच्या अंगाला, गावकऱ्यांना विचारून, पडीक रानात थांबा. रानाच्या मालकाला विचारलं तर नाही म्हणणारा मला अजून भेटला नाही, न विचारता थांबलं तर काठी घेऊन येणारे भेटलेत. फक्त पौर्णिमा बघून जा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला यल्लम्माची यात्रा असते, रस्ता पार भरतो. खरं तर नदीकाठी मुक्काम कसा करायचा हे शिकायचं असेल तर त्या यात्रेलाच जा. कॅम्पिंग हा शब्द ऐकलेला नसताना कोल्हापूर-बेळगावची माणसं बैलगाड्या घेऊन तिथं जायची. तीन दगडांची चूल, गाडीखाली पोरं, वर वाकळ बांधलेली. आणि गाडी कधी वाळूत सोडायची नाहीत. मेव्हण्याचे आजोबासुद्धा.

एप्रिल मात्र नको. दिवसा तंबूत बसवत नाही आणि संध्याकाळी वळवाची भीती. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या. तेव्हा रात्री थंडी चांगली पडते, पाण्याच्या अगदी कडेला झोपलात तर पहाटे तंबू आतून ठिबकतो, म्हणून पाण्यापासून लांब आणि उंच. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत, वारा जोरात असतो. नुसत्या खुंटीच्या भरवशावर राहू नका, वाऱ्याच्या बाजूला दोरीला मोठा दगड किंवा मातीनं भरलेलं पोतं बांधा. तळाखाली जुनी ताडपत्री घाला, बाभळीचा काटा महागडी हवेची गादीसुद्धा पहिल्याच रात्री बसवतो. चुलीला पात्रातले ओले गोटे घेऊ नका, तापले की फुटतात. माझ्या कपाळावर खूण आहे, ती वेगळी गोष्ट. खायला गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची वडी, न्या, दोन तुकड्यांत पोरं गप्प होतात.

हल्ली नदीकाठी लायटिंग लावून, स्पीकर लावून, माणशी अमुक इतके रुपये घेऊन "कॅम्प" करतात. त्याला माझ्या मते लग्नाचा हॉल म्हणावं. पण दोन लहान मुलं, पहिलीच वेळ, तर एकदा तिथं राहिलात तरी मी हसणार नाही. निदान संडास तरी असतो.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. कृष्णेकाठी, म्हणजे अथणी, रायबाग, चिकोडीकडं, मगरी आहेत. तिकडं काठावर झोपायचा विचारही नको. सपाट दगड उचलताना आधी पायानं सरकवा, खाली विंचू असतो. बूट रात्री तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकून घाला. (आत ठेवले असते तर कुणाचे तरी वाचलेही असते.) आणि जिथं वाळू उपसतात तिथं पाण्याखाली खड्डे असतात. कडेला गुडघाभर पाणी, पुढच्या पावलाला दोन पुरुष खोल. बुडून मेल्याच्या बातम्या येतात त्या बहुतेक अशाच जागांच्या. पोरांना पोहता येतं की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. येत असेल तर कळवा, असोग्याच्या बाजूला एक डोह आहे, तिथं कुठून उतरायचं ते सांगतो.