द्विस्वभाव रास म्हणजे माणूस दुटप्पी असतो का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलीसाठी आलेल्या स्थळाच्या पत्रिकेखाली 'लग्न – धनु, द्विस्वभाव' असं लिहिलंय (इथे लग्न म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास), तर मुलगा आत एक बाहेर एक असा असेल का, आणि चर रास ती हीच का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. मी ज्योतिषी नाही. पण जुन्या नाशकात मामांच्या घरी वाढलो आणि मामा पत्रिका हाताने मांडायचे, त्यामुळे हे शब्द पाढ्यांसारखे कानावर पडलेत.

आधी 'चर'चं बघू. मेष, कर्क, तूळ, मकर या चर. वृषभ, सिंह, वृश्चिक, कुंभ या स्थिर. मिथुन, कन्या, धनु, मीन या द्विस्वभाव, यांनाच उभय राशीही म्हणतात. पत्रिकेच्या घरात आकडे असतात ते राशींचे. त्यातल्या ज्या आकड्याला तीनने पूर्ण भाग जातो, म्हणजे 3, 6, 9, 12, ती रास द्विस्वभाव. शेजारच्या मुलांना मामा हे असंच शिकवत.

'चर' म्हणजे चालणारी. निघाली की निघाली. आपल्या मनात 'बदलणारी' म्हणून जो गोंधळ होतो तो इथलाच, कारण चर रास बदलते ती जागा, मत नव्हे. द्विस्वभाव ही स्थिर आणि चर यांच्या मधली. क्रम बघा: वृषभ स्थिर, मग मिथुन, मग कर्क चर. म्हणून जुना आडाखा असा की द्विस्वभाव राशीचे पहिले 15 अंश स्थिराकडे झुकतात आणि पुढचे 15 चराकडे. 'द्विस्वभाव' या शब्दात दोन चेहरे नाहीत, दोन गती आहेत.

चित्रंही तेच सांगतात. मिथुन म्हणजे जोडपं, धनु म्हणजे कमरेवर धनुर्धर माणूस आणि खाली घोडा, मीन म्हणजे एकमेकांच्या शेपटाकडे तोंड केलेले दोन मासे. कन्या तेवढी एकटीच, पण तीही होडीत बसलेली, एका हातात धान्य आणि दुसऱ्यात अग्नी. आणखी एक गंमत: या चारही राशींचे स्वामी दोनच, बुध आणि गुरू. ज्यांच्याकडे शिकणं, शिकवणं, हिशेब, बोलणं दिलंय तेच हे दोघे. यावरून जातकाला, म्हणजे पत्रिका ज्याची त्याला, चंचल म्हणायचं की अभ्यासू, हे सांगणाऱ्याच्या मूडवर असतं, असं माझं मत.

पंचांगातही ही विभागणी आहे. सूर्य मेष आणि तुळेत जातो ती विषुव संक्रांत, कर्क-मकरेत जातो ती अयन, स्थिर राशींत जातो ती विष्णुपदी, आणि या चार द्विस्वभाव राशींत जातो ती षडशीति. आपण धुंधुरमासात पहाटे खिचडी आणि बाजरीची भाकरी खातो ना, तो सूर्य धनु राशीत असतानाचा महिना, म्हणजे षडशीति संक्रांतीपासून मकर संक्रांतीपर्यंतचा. सिंहस्थाला गुरू सिंहेत असतो, स्थिर राशीत. 2015 ला तो आपल्याकडे रामकुंडावर गर्दी जमवून पुढच्या वर्षी कन्येत गेला आणि नृसिंहवाडीला कन्यागत, म्हणजे गुरू कन्येत गेल्याचा पर्वकाळ, झाला. स्थिरातून द्विस्वभावात, एवढंच. गुरूचा स्वभाव त्यात बिघडला असं कोणी म्हटलं नाही.

या शब्दाचा खरा वापर मुहूर्तात आणि प्रश्नकुंडलीत, म्हणजे प्रश्न विचारला त्या वेळेच्या कुंडलीत, होतो. प्रवासाला चर लग्न, टिकायच्या गोष्टींना स्थिर. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला संध्याकाळचं वृषभ लग्न धरतात ते याचसाठी, लक्ष्मी बसावी म्हणून. हरवलेल्या वस्तूचा प्रश्न आला की मामा म्हणत: चर लग्न असेल तर वस्तू लांब गेली, स्थिर असेल तर घरातच, द्विस्वभाव असेल तर घराच्या आसपास. पंचवटीतल्या एक काकू नथ हरवली म्हणून आल्या. लग्न मिथुन निघालं. मामा म्हणाले, "उंबऱ्याच्या फार लांब नाही." आठवड्याने नथ पुढच्या गल्लीत बहिणीकडे ब्लाउजच्या पिशवीत सापडली. मामा खूश. मामी आतून म्हणाली, "दोन्ही दरडींवर पाय ठेवल्यावर पडायचं कुठे?"

मला मामींचं पटतं, पण ते जाऊ दे.

आता तुमच्या स्थळाकडे. लग्न रास साधारण दोन तासांनी बदलते. म्हणजे दिवसाच्या 24 तासांतले जवळपास आठ तास द्विस्वभाव लग्न उगवत असतं. त्या वेळात जन्मलेले सगळे दुटप्पी धरले तर आपल्या मेनरोडवर दर तीन माणसांतला एक तसा निघेल. दुसरं, 36 गुणांचं मेलन ज्या आठ कूटांवर, म्हणजे कसोट्यांवर, होतं (वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, राशीकूट, नाडी) त्यात चर-स्थिर-द्विस्वभाव नावाचं कूटच नाही. पत्रिकेखालची ती ओळ माहितीची आहे, दोषाची नाही. गुरुजींनी तिच्यावरून नाक मुरडलं असेल तर त्यांना विचारा की याचे गुण कोणत्या कूटातून वजा केलेत. मुलगा कसा आहे ते त्याला चहाला बोलवून बघा, आणि जमलं तर त्याच्या शेजाऱ्यांना विचारा.