पांढरं घर आणि खोबरेल तेल

प्रश्न : ताई, गेल्या दिवाळीत आम्ही डोंबिवलीतच नव्या टू बीएचकेमध्ये राहायला आलो. जुनं घर तळमजल्यावरचं, भर दुपारी ट्यूब लावावी लागायची. म्हणून या वेळी मी हट्टानं सगळं पांढरं करून घेतलं. भिंती, वॉर्डरोब, टीव्ही युनिट, डायनिंग टेबल, सोफासुद्धा. येणारा-जाणारा म्हणायचा, ‘हॉटेलसारखं दिसतंय!’ आता दहाच महिने झालेत. थोरली आठ वर्षांची, धाकटा साडेतीन. भिंतींवर बोटं आणि पेन्सिल, टेबलावर हळद, सोफ्यावर जीन्सचा निळा रंग. सासूबाई टीव्ही बघताना खाली भिंतीला टेकून बसतात, तिथे डोक्याच्या तेलाचा ताटलीएवढा गोल उमटलाय. मी एकदा बोलले. तेव्हापासून त्या टेकतच नाहीत, ताठ बसतात. ते बघून वाईटही वाटतं आणि रागही येतो. त्यात त्यांचा वेंधळेपणा वाढलाय. दोन बश्या टेबलाच्या अगदी कडेवर ठेवून फोडल्या, बाथरूमचं बटण भिंतीवर चाचपडत बसतात. हे म्हणतात, सगळं क्रीम कलरनं रंगवून टाकू. पुन्हा तो खर्च नको वाटतो. काय करू?
— क. दे., डोंबिवली

उत्तर : डाग राहू देत बाजूला, आधी बश्यांचं बोलू.

पांढऱ्या टेबलावर पांढरी बशी ठेवताना टेबल कुठे संपतं हे तुम्हाला दिसतं. सासूबाईंना ते दिसत नसावं. मोतीबिंदू पिकत आला की वस्तू दिसेनाशी होण्याच्या आधी वस्तू आणि तिच्यामागचा रंग यांतला फरक पुसट होत जातो. पांढऱ्या भिंतीवरचं पांढरं बटण, पांढऱ्या फरशीवरचा पांढरा कमोड, हे सगळं मग धुक्यात जातं. माझी आई माझ्याकडे राहायला आली तेव्हा ती पांढऱ्या कपात ताक ओतायची आणि दर वेळी ओट्यावर सांडायची. मी चिडायचे. ऑपरेशन होऊन पट्टी सुटली, घरी आली, दारातच थांबली आणि म्हणाली, ‘अगं, तुझ्या भिंती किती मळल्यात!’ तोवर बिचारीला त्या दिसतच नव्हत्या. मी तीस वर्षं लोकांची घरं सजवली, आणि माझ्या स्वतःच्या घरात आईला कप दिसत नाही हे मला कळलं नव्हतं.

तेव्हा या आठवड्यात त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. तोवर टेबलावर गडद रंगाचे मॅट घाला, त्यांचा चहा स्टीलच्या किंवा रंगीत कपात द्या, बाथरूमच्या बटणाभोवती दोन बोटं रुंदीची गडद चौकट रंगवून घ्या आणि कमोडला रंगीत सीट बसवा. वेंधळेपणा बराचसा इथेच ओसरेल असं मला वाटतं. नाही ओसरला, तर तेही डॉक्टरांनाच सांगा.

आता तो तेलाचा गोल. माझं आजोळ वाईचं. दसरा जवळ आला की परसात पिंपात चुनकळी, म्हणजे न विझवलेला चुना, भिजायची. पाणी पडलं की ती खदखदून उकळायची, आम्हां पोरांना जवळ फिरकायची बंदी. मग त्यात डिंक, चिमूटभर नीळ, आणि कुंचल्यानं सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र. पण खालचा दोन हात उंचीचा पट्टा मात्र गेरूचा. का? तर चुन्याच्या भिंतीला टेकलं की पाठ पांढरी होते, आणि माणसं टेकणारच. शाळा-दवाखान्यांतही खाली गडद ऑइलपेंट आणि वर पांढरं असायचं, ते याच हिशेबानं. पुढे आम्ही डिझायनर लोकांनी तो पट्टा ‘जुनाट’ म्हणून काढून टाकला. मीही काढला, खोटं कशाला बोलू.

तोच परत आणा. जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं पावणेतीन फुटांच्या आसपास येतं, धाकट्याचा हात उंच केला तरी साडेतीन फुटांच्या फार वर जात नाही. हॉलच्या दोन भिंती आणि पॅसेज, एवढ्याच जागी खालचे साडेतीन फूट मातकट, राखाडी-हिरवा किंवा वीटकरी करून घ्या, किंचित चमक असलेल्या, धुता येणाऱ्या इमल्शन रंगात. वरची भिंत आणि छत पांढरंच राहील. उजेड खेळवायचं काम तोच भाग करतो, त्यामुळे ज्यासाठी तुम्ही हट्ट केलात ते कुठे जात नाही.

फक्त रंगाऱ्याला एक गोष्ट बजावून सांगा. तेलाच्या डागावर थेट रंगाचे दोन हात मारले की पहिले काही दिवस छान दिसतं, मग तो गोल हळूच वर येतो. आधी तो भाग भांड्यांच्या साबणाच्या पाण्यानं पुसायचा, पूर्ण वाळू द्यायचा, पॉलिश पेपर मारायचा, ऑइल बेस प्रायमरचा एक हात आणि मग रंग. रंगारी म्हणेल, ‘मॅडम, काही गरज नाही.’ गरज आहे. आणि पट्टा रंगवून झाला की सासूबाईंना तुम्ही स्वतः सांगा, ‘आई, आता टेका.’ ते काम रंगाऱ्याचं नाही.

उरलेल्या भिंतींवरची बोटं पुसण्याआधी एक करून बघा. काळं सुती फडकं कोरडंच भिंतीवर घासा. फडक्याला पांढरी पूड लागली तर बिल्डरनं साधं डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या पुडीचा स्वस्त रंग, मारलंय. ते ओलं पुसलंत की डागाबरोबर रंगही येईल आणि पुसल्याचा ठिपका डागापेक्षा वाईट दिसेल. पूड नाही लागली तर मऊ स्पंज, साबणाचे चार थेंब, खालून वर पुसत जायचं. बाजारात तो पांढरा ‘मॅजिक’ स्पंज मिळतो, त्यात जादू काही नसते, तो अतिशय बारीक पॉलिश पेपरच असतो. पेन्सिल झकास निघते, पण चकचकीत लॅमिनेटवर चालवलात तर तिथली चमक जाते.

हळदीची गंमत वेगळीच. साबण लागला की डाग लाल होतो आणि बायका घाबरून आणखी घासतात. घाबरू नका. साबण, चुना अशा खारट नव्हे, क्षारयुक्त वस्तू लागल्या की हळदीचा रंग लाल होतो, जुन्या पद्धतीचं कुंकूही हळदीपासून असंच करतात. साध्या पाण्यानं साबण काढला की पुन्हा पिवळा होईल. टेबलाच्या लॅमिनेटवर कापसाच्या बोळ्यावर सॅनिटायझर घेऊन हलक्या हातानं पुसा, हळद पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये चांगली विरघळते. हेच भिंतीवर मात्र करू नका, इमल्शन मऊ पडतं. कापडावरच्या हळदीला ऊन पुरतं. धुऊन ओलंच उन्हात टाका, दोन-तीन दिवसांत ती विटते. तुमच्या बाल्कनीत सकाळचं ऊन येत असेल तर निम्मं काम तेच करेल.

सोफा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण जीन्सचा रंग धरून बसलाय म्हणजे तो रेक्झिनचा असणार. ताजा डाग साबणाच्या फडक्यानं निघतो, मुरलेला नाही. खोटी आशा दाखवत नाही. त्यावर गोधडी टाका. प्लास्टिकचं कव्हर नको, उन्हाळ्यात मांड्या चिकटतात आणि पाहुणा उठताना आवाज होतो. सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची असेल तर उत्तम, नसेल तर शिवून घ्या. पुढचा सोफा घ्याल तेव्हा पांढराच घ्या हवं तर, पण सुती, चेनचं कव्हर असलेला, दोन जोड. लोकांना वाटतं सुती पांढरं म्हणजे कटकट. उलट आहे. उकळता येतं, उन्हात टाकता येतं, निळीत बुडवता येतं. रेक्झिनला यातलं काय करणार?

आणि तुमच्या यजमानांचा क्रीम कलर. क्रीमवर हळद थोडी लपते. पेन्सिल, तेल, निळी शाई तेवढीच दिसतात. तेवढ्यासाठी सगळं घर रंगवायला मी सांगणार नाही.

फर्निचरचं म्हणाल तर माझीच फजिती ऐका. 2004 मध्ये मी खिडकीशेजारी पांढऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचं जेवणाचं टेबल करून घेतलं. चार वर्षांनी मॅट उचलले तर त्यांच्याखाली चार लख्ख पांढरे चौकोन, बाकी टेबल चहाच्या रंगाचं! उन्हानं पिवळं पडलं होतं. तुमचं लॅमिनेट इतकं दगा देणार नाही, पण ऊन येत असेल तर मॅटची जागा अधूनमधून बदलत जा.

प्रश्न : आमच्या घराच्या पांढऱ्या भिंतीवर दर पावसाळ्यात कपाटामागे काळे ठिपके येतात. दर वर्षी रंग देतो. कुठला रंग टिकेल?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कुठलाच नाही, जोवर पाणी येतंय. ठिपके बुरशीचे आहेत, आणि तुमची भिंत पांढरी आहे म्हणून निदान दिसताहेत. चॉकलेटी भिंतीवर कपड्यांना वास यायला लागल्यावर कळलं असतं. बाहेरच्या बाजूनं तडा आहे का, वरच्या मजल्याचं न्हाणीघर तिथेच आहे का, ते आधी बघा. दुरुस्ती पावसाळा संपल्यावर करा आणि भिंत पुरती सुकेपर्यंत पुट्टी लावू देऊ नका. गणपतीआधी ‘उरकून घेऊ’ म्हणून ओल्या भिंतीवर केलेलं रंगकाम दिवाळीला पापुद्र्यांनी खाली येतं. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, मागे हवा खेळू द्या.

प्रश्न : दुकानात पांढऱ्याच्या इतक्या छटा दाखवल्या की आम्ही नवरा-बायको भांडून परत आलो. फरक खरंच असतो का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : असतो, पण दुकानातल्या दिव्याखाली तो ठरवता येत नाही. दोन-तीन छटांचे लहान डबे आणा, दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठ्यांवर रंगवा आणि ज्या भिंतीसाठी हवेत तिथेच टेकवून ठेवा. सकाळी बघा, संध्याकाळी दिवे लावून बघा. पिवळसर बल्ब असतील तर निळसर पांढरा मळकट वाटेल, पांढऱ्या ट्यूबखाली तोच दवाखान्यासारखा वाटेल. शेजारी कोऱ्या कागदाचा ताव धरलात की कोण पिवळट आणि कोण गुलाबी ते लगेच कळतं. निवडलेल्या छटेचा नंबर डब्याच्या झाकणावरून उतरवून ठेवा आणि काम झाल्यावर एक लिटर रंग जपून ठेवा. दोन वर्षांनी खिळ्याचं भोक बुजवायला तोच लागेल, आणि ‘पांढरा द्या’ म्हणून दुकानातून आणलेला दुसरा कुठलाही जुळणार नाही.