हळदीच्या ऑनलाइन दुकानासाठी मुदत ठेव मोडावी का?

नमस्कार ताई,

समुद्रपूर तालुक्यातून आपण पाठवलेले पत्र आणि त्यासोबतच्या वहीच्या तीन पानांचे फोटो मी बारकाईने पाहिले. आपण दोन वर्षांपासून घरच्या हळदीची पूड व्हॉट्सअॅपवरून विकत आहात, महिन्याला सरासरी 60 ऑर्डर येतात आणि एक किलोचे पाकीट घरपोच 500 रुपयांना जाते. आता स्वतःचे ऑनलाइन दुकान उघडायचे आहे आणि त्यासाठी तीन मार्ग समोर आले आहेत. नागपूरच्या एका व्यावसायिकाने 90,000 रुपयांत खास वेबसाइट आणि पुढे वर्षाला 15,000 रुपये देखभाल असा भाव दिला आहे. दुसरा मार्ग शॉपिफायसारख्या, महिन्याच्या शुल्कावर तयार ऑनलाइन दुकान देणाऱ्या सेवेचा असून तिचे शुल्क कर धरून महिन्याला सुमारे 2,000 रुपये पडेल असे आपण लिहिता. तिसरा मार्ग भाच्याने सुचवला आहे, तो वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स ही दुकानाची जोडणी बसवण्याचा. त्यात होस्टिंग (वेबसाइट ठेवण्याची जागा) आणि डोमेन (वेबसाइटचा पत्ता) मिळून वर्षाला साधारण 6,000 रुपये लागतील. यासाठी 1,60,000 रुपयांची मुदत ठेव मोडावी का, आणि मोडल्यास कोणता मार्ग धरावा, असे आपण विचारले आहे.

मुदत ठेव मोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. मुदतीपूर्वी मोडल्याने व्याज कमी मिळेल, पण माझा आक्षेप त्यापेक्षा पुढचा आहे. मे-जून महिन्यांत बेणे, खत आणि लागवडीची मजुरी यांसाठी आपल्याला रोख लागते, आणि त्या वेळी हाताशी असलेली हीच एक रक्कम आहे. वेबसाइटमध्ये गुंतलेला पैसा लागवडीच्या आठवड्यात परत मागता येत नाही. ती वेळ आली की सावकाराचे दार दिसू लागते.

आता हिशेब पाहू. आपण पाकिटामागे 260 रुपये हळकुंड ते दळण, 30 रुपये पाकीट-खोके आणि 90 रुपये कुरिअर असा खर्च धरला आहे. घरच्या हळदीचा बाजारभावही त्यात मोजला आहे हे पाहून बरे वाटले, कारण घरचा माल फुकट समजून नफा काढणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. म्हणजे एका ऑर्डरमागे 120 रुपये आणि 60 ऑर्डरींचे 7,200 रुपये उरतात. कोणत्याही सॉफ्टवेअरचा खर्च याच 120 रुपयांतून निघायचा आहे, त्यामुळे त्याची किंमत विक्रीशी न ताडता या शिलकीशी ताडावी.

वेबसाइटवर कार्ड, नेट बँकिंग वगैरेने पैसे घेण्यासाठी पेमेंट गेटवे लागतो. तो साधारण 2 टक्के आकारतो आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी धरला, तर 500 रुपयांवर 11 रुपये 80 पैसे होतात. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवा भारतात उपलब्ध नाही, त्यामुळे बाहेरचा गेटवे जोडावा लागतो आणि सुरुवातीच्या योजनेत शॉपिफाय त्याबद्दल आणखी 2 टक्के घेते. ही दुसरी कपात बहुतेकांच्या लक्षात पहिल्या महिन्याचे बिल आल्यावर येते. तेथे आपल्या 120 रुपयांतील 98 रुपये 20 पैसे शिल्लक राहतात. इतर दोन मार्गांत 108 रुपये 20 पैसे राहतात.

आता स्थिर खर्च भरून काढायला महिन्याला किती नव्या ऑर्डरी लागतील ते पाहा. शॉपिफायच्या 2,000 रुपयांसाठी 21 ऑर्डरी लागतील. नागपूरच्या वेबसाइटचे आयुष्य तीन वर्षे धरले, तर महिन्याला 2,500 आणि देखभालीचे 1,250 मिळून 3,750 रुपये होतात, म्हणजे 35 ऑर्डरी. वूकॉमर्सच्या 500 रुपयांसाठी केवळ पाच पुरतात आणि म्हणूनच भाच्याचा सल्ला पहिल्या नजरेत सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वूकॉमर्स स्वतः मोफत आहे हे खरे, परंतु वर्डप्रेस आणि त्याला जोडलेली साधने वेळोवेळी अद्ययावत करणे, बॅकअप ठेवणे आणि एखाद्या अपडेटनंतर पैसे भरण्याचे पान बंद पडले तर ते त्याच दिवशी सुरू करणे हे काम कोणाला तरी करावेच लागते. भाचा बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे असे आपणच लिहिले आहे. वर्षभराने तो पुण्यात नोकरीला असेल. त्याच्या जागी महिन्याला 1,500 रुपये घेणारा माणूस ठेवला, तर खर्च 2,000 रुपयांवर जातो आणि लागणाऱ्या ऑर्डरी 19 होतात. शॉपिफायच्या 21 शी तुलना केली तर फरक दोन ऑर्डरींचा उरतो.

नागपूरच्या प्रस्तावाबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. महिन्याला 175 च्या पुढे ऑर्डरी वेबसाइटवरून येऊ लागल्या, तर तो शॉपिफायपेक्षा स्वस्त पडतो. तो आकडा मात्र आजच्या आपल्या एकूण विक्रीच्या जवळजवळ तिप्पट आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटली ती आपली वही. मार्चच्या पानावर 112 ऑर्डरी आहेत, ऑगस्टच्या पानावर 23. वर्षभराची हळद आणि तिखट उन्हाळ्यातच भरून ठेवण्याची आपल्याकडची पद्धत यात दिसते, आणि स्थिर शुल्क तर ऑगस्टमध्येही तेवढेच कापले जाणार आहे. शिवाय नावांसमोर आपण केलेल्या नोंदी वाचा: “मावशीची जाऊ, पुणे”, “शाळेच्या मॅडमची बहीण”, “यांचे मित्र, रायपूर”. ही माणसे शोधत आलेली नाहीत, ओळखीने आली आहेत. वेबसाइट उघडल्याने अशा ओळखी वाढत नाहीत. उलट हेच ग्राहक वेबसाइटवर नेले, तर आज थेट यूपीआयने पूर्ण येणाऱ्या पैशांतून गेटवेची कपात सुरू होईल. जुन्या ग्राहकांना व्हॉट्सअॅपवरच ठेवावे. वेबसाइट फक्त अनोळखी ग्राहकांसाठी असावी.

म्हणून माझी सूचना अशी आहे की आत्ता व्हॉट्सअॅप बिझनेसवरील कॅटलॉग नीट भरावा, त्याला पैसे पडत नाहीत, आणि नवी हळद तयार झाल्यावर मार्च ते मे असे तीन महिने तयार सेवा महिनेवारी शुल्कावर चालवून पाहावी. वार्षिक योजना स्वस्त दिसली तरी घेऊ नये. या प्रयोगासाठी ठेवीला हात न लावता विक्रीच्या शिलकीतून 10,000 रुपये बाजूला काढावेत आणि जाहिरातीसह सर्व खर्च त्यातच बसवावा. वहीत पूर्वी नाव नसलेल्या ग्राहकांच्या ऑर्डरी तीन महिन्यांत सरासरी 40 वर गेल्या, तर सेवा पुढे चालू ठेवावी. 21 च्या खाली राहिल्या, तर ग्राहकांची यादी उतरवून घेऊन बंद करावी. मधला आकडा आला तर मला पुन्हा लिहा.

सेवा निवडताना चाचणीच्या काळात एक गोष्ट स्वतः करून पाहा: दुकानाच्या खरेदी-यादीत (कार्टमध्ये) एक पाकीट टाकून गडचिरोलीचा पिनकोड भरा, मग तीन पाकिटे टाकून मुंबईचा भरा, आणि कुरिअरचा खर्च वजन व अंतरानुसार बदलतो का ते बघा. हळदीसारख्या स्वस्त आणि वजनदार मालात नफा येथेच निसटतो. अनेक कुरिअर कंपन्या अर्ध्या किलोच्या टप्प्याने दर लावतात, म्हणून खोक्यासह 1,100 ग्रॅम भरणाऱ्या पार्सलला दीड किलोचा दर पडतो. 450 ग्रॅमची दोन पाकिटे एकत्र पाठवली आणि किंमत त्या प्रमाणात ठेवली, तर पार्सल एक किलोच्या आत बसेल. खोके मोठे असल्यास लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 5,000 ने भागून येणारे वजनही लावले जाते; 25 बाय 20 बाय 12 चे खोके 1.2 किलोचे ठरते. सॉफ्टवेअर बदलण्याआधी खोके बदला.

अनोळखी ग्राहकांना माल मिळाल्यावर पैसे देण्याची सोय सुरुवातीला देऊ नये. एक पार्सल परत आले तर जाण्या-येण्याचे साधारण 180 रुपये जातात, म्हणजे दीड ऑर्डरीची कमाई.

कराची बाजू थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात माल विकणाऱ्याला 40 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे, परंतु परराज्यात पूड पाठवताना ही सूट लागू होत नाही आणि कंपोझिशन योजनेतही (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय) परराज्यातील विक्री चालत नाही. वहीत रायपूर आणि हैदराबाद दिसत असल्याने हा विषय कर सल्लागाराकडून याच महिन्यात मार्गी लावा. अन्नसुरक्षा परवान्याचा प्रकार ऑनलाइन विक्रीला चालतो का, हेही त्याच भेटीत विचारा. आपल्या भागातील वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन (ठरावीक भागातील मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी) आहे. पाकिटावर ते नाव छापण्यापूर्वी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्यावी लागते.

आणि मार्ग कोणताही धरला तरी डोमेन आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर आणि आपल्या खात्यातून पैसे भरून घ्या. यवतमाळ जिल्ह्यातील माझ्या एका ग्राहकाचे डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर होते आणि त्याने फोन उचलणे बंद केले, तेव्हा जुना पत्ता छापलेल्या दोन हजार खोक्यांवर घरातील सर्वांनी बसून नव्या पत्त्याचे स्टिकर चिकटवले. डोमेनला वर्षाला हजार रुपयांच्या आसपास पडतात; तेवढे मार्चची वाट न पाहता याच आठवड्यात भरून टाका.