जुन्या प्रोग्रॅमची डॅट फाईल आहे, आत काय आहे ते कसं ओळखायचं? कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

तुम्ही लिहिलंय की गावातल्या दूध संस्थेच्या जुन्या कॉम्प्युटरमधली फाईल आहे, प्रोग्रॅम गेला, नोटपॅडमध्ये उघडली की चौकोन चौकोन आणि मधेच ए, बी, सी अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, आणि ओळखीतल्या एका इंजिनियरनं 'करप्ट आहे, सोडून द्या' म्हणून सांगितलं. ह्या शेवटच्या वाक्यासाठी उत्तर लिहायला बसलोय, कारण हेच वाक्य मी आमच्या दाजींच्या तोंडून ऐकलंय.

२००५ चा पूर. मी तेव्हा सांगलीत विश्रामबागला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचो. हरिपूरच्या पेवांत (हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत) पाणी शिरून हळद गेली ते सगळ्यांना माहीत आहे, पण पेठेतल्या एका हळदीच्या अडत्याचं वेगळंच झालं, चोपड्यांचा लगदा झाला आणि डॉसवर चालणारा कॉम्प्युटर खालीच होता तो बुडाला. वाचल्या त्या फक्त फ्लॉप्या, कारण शेठ रोज रात्री त्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचे (आम्ही हसायचो त्यांना). प्रोग्रॅम लिहिणारा पोरगा आखातात गेलेला, फोन लागेना. कुणाची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे) द्यायची राहिलीय ते फक्त त्या फाईलीत. शेठ येऊन म्हणाले, "बघ रं बाबा, निघतंय का काय. शेतकरी दारात उभा राहिला तर काय सांगू त्याला?"

राखीला ताई आणि दाजी आले. दाजी पुण्यात आयटीत. मोठ्या कौतुकानं त्यांना फाईल दाखवली, त्यांनी लॅपटॉप काढला, लिनक्सची 'फाईल' ही फाईलीचा प्रकार ओळखणारी कमांड मारली, उत्तर आलं 'डेटा'. एवढंच. डेटा आहे हे शेठलापण ठाऊक होतं. मग दोन मिनिटं वरखाली करून म्हणाले, "अरे करप्ट आहे ही. नावांच्या मागं बघ किती गार्बेज आहे. ह्याला टूल मिळत नाही, वेळ घालवू नकोस." आणि जेवायला बसले.

मी मात्र वेळ घालवला. आधी झिप करून बघितली, तर निम्म्याहून पुष्कळ लहान झाली. फाईल कॉम्प्रेस केलेली किंवा एन्क्रिप्ट केलेली असती तर झिपनं तिळभर हलली नसती. म्हणजे आत काहीतरी पुन्हा पुन्हा तेच आहे, रेकॉर्ड म्हणजे एकसारख्या नोंदी आहेत. साईज होती ४,७४,४८८ बाइट. सगळी रेकॉर्ड एका मापाची असतील आणि वर हेडर (फाईलीच्या सुरुवातीची वेगळी माहिती) नसेल तर साईजला रेकॉर्डच्या लांबीनं नि:शेष भाग जायला पाहिजे. ५६ नं जातो, ७४ नं जातो, १४८ नंही जातो. हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलीतला एकेक बाइट हेक्स आकड्यात (सोळाच्या पायात, ० ते ९ आणि पुढं ए ते एफ) दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एका ओळीत किती बाइट दाखवायचे ते बदलता येतं, ५६ ला सगळं तिरकं पळत होतं आणि ७४ केलं की अख्खी फाईल कवायतीला उभी राहिली. ६,४१२ ओळी. एका कॉलममध्ये वर 'डी४ ०७' आणि खाली 'डी५ ०७'. बाइट उलटे वाचले की हेक्स ०७डी४ म्हणजे २००४, आणि पुढचं २००५. त्याच्या आधीचे दोन बाइट दिवस आणि महिना. तारीख सुटली.

नावं मराठीत होती, जिस्ट कार्डवर (डॉसमध्ये मराठी टाइप करायचं कार्ड) टाइप केलेली, म्हणजे इस्की कोड, भारतीय लिपींसाठीचा जुना कोड. ते माहीत नसतं तरी चाललं असतं, कारण पाच बाइटांचा एकच तुकडा जिथं तिथं दिसत होता: सी८ डीए बीडी डीसी डी१. सांगली जिल्ह्यात पाच बाइट सगळीकडं दिसले तर ते कोण असणार? पाटील! प, काना, ट, दुसरी वेलांटी, ल. इस्कीत व्यंजनं वर्णमालेच्या क्रमानंच लावलीत, क बी३ वर, त्यामुळं एक पाटील मिळाला की बाकीचं गाव बोटावर मोजत मिळतं.

आणि दाजींचं ते गार्बेज. नावाच्या आधी एक बाइट होता, नाव किती बाइटांचं ते सांगणारा. तेवढे बाइट नाव, आणि त्याच्यापुढं आधीच्या शेतकऱ्याच्या लांब नावाची शेपटी तशीच राहिलेली. टर्बो पास्कल ह्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतली स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) अशीच असते, लांबी पुढं लिहिते आणि मागचं पुसत नाही. मी कॉलेजात पास्कल केलेलं, बघताक्षणी ओळखायला पाहिजे होतं, चार दिवस लागले ते सोडा. पण करप्ट नव्हती.

आता अडलं आकड्यांवर. शेठनं निरोप धाडला तेव्हा तासगावकडच्या एका म्हातारीनं रेशनकार्डाच्या पिशवीत जपलेल्या मालकाच्या दोन पट्ट्या पाठवल्या. पहिली ५ मार्च २००५ ची, पोती २०, वजन १० क्विंटल. ती ओळ सापडली, तिथं लिहिलेलं १४ ०० ८४ ०० ०० ०० ०० २०. मी म्हटलं शेवटचं २० म्हणजे पोती, मिळालं! दोन दिवस त्याच नादात, बाकी काहीच जुळेना. मग दुसरी पट्टी काढली, १० पोती, ५ क्विंटल. तिथं ०ए ०० ८३ ०० ०० ०० ०० २०. पोती निम्मी झाली तरी २० जागचं हललं नाही. आणि हेक्समधलं १४ म्हणजेच आपले वीस, ०ए म्हणजे दहा, पोती पुढंच बसलेली होती, मी शेवटाला शोधत होतो. वजन निम्मं झालं तर ८४ चं ८३ झालं, एकानं कमी. म्हणजे तो बाइट दोनाचा घात. चार बाइटांचा फ्लोट (दशांशाचा आकडा ठेवायची नेहमीची पद्धत) नाही, आठचा नाही, सहा बाइटांचा, टर्बो पास्कलचा जुना रिअल, घात पहिल्या बाइटात आणि चिन्हाचा बिट शेवटच्या बाइटात. त्या रात्री बायकोला उठवून सांगितलं, ती म्हणाली झोपा आता.

दिवाळीला दाजींना छापलेली यादी दाखवली. म्हणाले, "फॉरमॅट सोपा होता म्हणून जमलं." अहो दाजी, सोपा होता तर राखीलाच का नाही वाचला? टूल मिळत नाही म्हणून वाचता येत नाही हे म्हणणंच मला पटत नाही. त्या म्हातारीच्या दोन कागदांनी केलं ते कुठल्याही टूलनं केलं नसतं.

तर तुम्ही कागद शोधा. एखाद्या सभासदाकडं जुनी दहा दिवसांच्या बिलाची पावती नक्की असणार, शक्यतो एकाच माणसाच्या दोन पावत्या, एकाच गोष्टीत फरक असलेल्या. हेक्स एडिटर म्हणाल तर विंडोजवर एचएक्सडी फुकट आहे, इमहेक्सही आहे, काहीही घ्या, त्यानं फार फरक पडत नाही. मूळ फाईलीची आधी कॉपी करा आणि कॉपीवरच खेळा, हे खरं तर वरतीच लिहायला पाहिजे होतं. झिप केल्यावर फाईल अजिबात लहान झाली नाही तर माझं हे सगळं सांगणं तुमच्या कामाचं नाही. वर हेडर असेल तर भागाकार सरळ बसणार नाही, तेवढे बाइट वजा करून बघावे लागतील.

आणि ते ए, बी, सी. कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या कोडात ए म्हणजे ६५, बी ६६, सी ६७. फॅट दहानं गुणून पूर्णांकात ठेवायची पद्धत असते. मला वाटतं ती अक्षरं म्हणजे म्हशीच्या दुधाचं फॅट आहे, ६.५, ६.६, ६.७. पावतीशी ताडून बघा आणि गाईवाल्या सभासदाच्या ओळीत त्याच जागी चांदणी (*) दिसते का ते कळवा, चांदणी म्हणजे ४२.