मृत्यूवर स्वतःचं गाणं लिहून घरीच रेकॉर्ड करायचं आहे, पण घरचे अपशकुन म्हणतात. सुरुवात कुठून करू?

मृत्यू राहू द्या बाजूला. जे माणूस गेलंय त्याची एखादी वस्तू शोधा. मला तरी तेवढंच जमलं.

बाबा गेल्यावर मी पैलतीर, पिंजरा, विझलेली ज्योत असं सगळं कोंबून गाणं लिहिलं होतं. आईनं "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणत उडवून लावलं, म्हणजे तुमच्या घरचे काही जगावेगळे नाहीत. मग बाबांच्या शर्टाच्या खिशात लोकलचा पास सापडला. भांडुप ते सीएसएमटी, तीन महिन्यांचा, अजून १९ दिवस शिल्लक. मुखडा तिथेच मिळाला. अख्ख्या गाण्यात मरण हा शब्द आलेला नाही.

चाल आधी भैरवीत बांधली होती. तबला वाजवणारा मित्र म्हणाला, "पहिल्याच सुराला कळतंय की कोणीतरी गेलंय. मग तुझ्या शब्दांनी काय करायचं?" पटलं. सगळे शुद्ध सूर घेऊन पुन्हा बांधली. ताल त्यानंच सुचवला, रूपक. सात मात्रा, आणि गंमत म्हणजे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, इथे 'खाली'ची, म्हणजे बिनजोराची असते. जिथे ठोका दणकून पडेल म्हणून कान टवकारावेत, तिथे नेमका डग्गा, म्हणजे तबल्यातला घुमणारा डावा भाग, गप्प. त्या गप्प मात्रेवर मी "बाबा" ठेवलं.

रेकॉर्डिंगला फोन चालतो, भांडण खोलीशी असतं. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गा, पाठीमागे गोधडी टांगा, म्हणजे आवाज घुमत नाही. तानपुरा हेडफोनवरच ऐका. पंखा आणि फ्रिज बंद. आमचं घर रुळांना लागून, त्यामुळे मी शेवटची लोकल गेल्यावरच बसायचो. गाताना रडू आलं तर तो टेक सरळ पुसा. घसा दाटला की सूर उतरतो, आणि ऐकणाऱ्याला फक्त बेसूर ऐकू येतं.

हक्कांची काळजी नको, नोंदणी सक्तीची नाही. आपल्या कायद्यात गीतकाराचा हक्क तो गेल्यानंतरही ६० वर्षं टिकतो. (विषयाला शोभेसा कायदा!)

गाणं तयार झाल्यावर आईला ऐकवलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं तिनं. मग म्हणाली, "पास सेकंडचा होता रे. फर्स्टचा कधी काढला त्यांनी?"

त्या रात्री पुन्हा पंखा बंद करून तेवढी ओळ नव्यानं गायलो.